गुरांच्या खुणेवरून माणसाचा माग

टेक्सासच्या व्हिक्टोरिया काउंटीत, आज जिथे इनेझ गाव आहे त्या परिसरात, १५ सप्टेंबर १८६० रोजी मेरी नावाच्या एका गुलाम बाईला मुलगा झाला. डॅनियल वेबस्टर वॉलेस. बाळंतपणाच्या काही महिने आधीच मेरीची विक्री झाली होती. हा मुलगा १९३९ मध्ये वारला तेव्हा मिचेल काउंटीत त्याच्या मालकीची हजारो एकर जमीन होती, हेरफर्ड जातीची शेकडो गुरं होती, आणि इस्टेटीची किंमत दहा लाख डॉलरच्या वर होती असं त्याचे चरित्रकार सांगतात. पश्चिम टेक्सासमध्ये सगळे त्याला ‘एटी जॉन’ म्हणत.

अशा माणसाचा माग पणतू-खापरपणतूंनी काढायचा तर सुरुवात कुठून करायची? अमेरिकेत वंशावळ शोधणारा माणूस सहसा आधी जनगणनेकडे धाव घेतो. दर दहा वर्षांनी घरोघर फिरून केलेली, हाताने लिहिलेली ती पानं आता बसल्याजागी पाहता येतात. पण वॉलेसच्या बाबतीत ही वाट पहिल्याच पावलाला अडते.

१८६० च्या जनगणनेत गुलामांची यादी वेगळ्या तक्त्यावर होती. त्यात नाव मालकाचं. त्याखाली ओळीने वय, स्त्री की पुरुष, वर्ण. पळून गेलेला असल्यास तशी खूण. नावाचा रकानाच नाही. त्यामुळे मेरी सापडली तरी ती एक वय आणि एक अक्षर एवढीच सापडणार. शिवाय ती विकली गेली त्याच वर्षी, म्हणजे तिची ओळ जुन्या मालकाखाली शोधायची की नव्या मालकाखाली, हेही आधी ठरवावं लागतं. मुलाचा तर प्रश्नच नाही. त्या गणनेची तारीख १ जून होती; त्यानंतर जन्मलेल्या बाळांना त्यात धरायचं नाही असा नियम होता. सप्टेंबरात जन्मलेला वॉलेस निनावी ओळ म्हणूनही तिथे बसत नाही.

टेक्सासमधल्या गुलामांना स्वातंत्र्याची घोषणा ऐकायला मिळाली ती १९ जून १८६५ रोजी, गॅल्व्हस्टन बंदरात जनरल ग्रेंजरने हुकूम वाचून दाखवला तेव्हा. वॉलेस त्या वेळी पाच वर्षांचाही नव्हता. मुक्त झालेल्या सगळ्या माणसांची नावानिशी पहिली जनगणना १८७० ची. आफ्रिकी-अमेरिकी कुटुंबांचा शोध बहुतेक वेळा याच वर्षापाशी येऊन थांबतो, आणि त्यामागे जायचं तर गोऱ्या मालकांची मृत्युपत्रं, विक्रीखतं, कर्जापोटी गहाण टाकलेल्या मालमत्तेच्या याद्या वाचाव्या लागतात. आपल्या पणजीचं नाव घोड्यांच्या आणि नांगरांच्या शेजारच्या ओळीत वाचायला मन घट्ट करावं लागतं. तिचं नाव मिळण्याची शक्यता मात्र तिथेच सर्वांत जास्त असते.

पुढचा अडथळा आगीचा. जानेवारी १९२१ मध्ये वॉशिंग्टनमधल्या वाणिज्य खात्याच्या इमारतीला आग लागली आणि १८९० च्या जनगणनेचे कागद जळाले, भिजले. उरलेले पुढे नष्ट करण्यात आले. १८८० आणि १९०० यांच्यामध्ये त्यामुळे वीस वर्षांची पोकळी आहे. वॉलेसचं सगळं घडणं नेमकं याच पोकळीत झालं. १८८५ मध्ये त्याने पहिली जमीन घेतली, १८८८ मध्ये लॉरा डी ओवेन्सशी लग्न केलं, आणि पुढच्याच वर्षी तो ज्याच्याकडे नोकरीला होता तो क्ले मॅन वारला.

इथे गुरं मदतीला येतात.

कापसाच्या रानात खुरपणी करायचा वॉलेसला वीट आला होता. किशोरवयातच तो घर सोडून गुरांच्या एका तांड्याबरोबर निघाला. मुलगा अवघा पोरसवदा, पण त्या कामात असे पुष्कळ होते. कृष्णवर्णीयही कमी नव्हते; पश्चिमेकडच्या दर चार काउबॉयमागे एक कृष्णवर्णीय असावा, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. दोन-तीन मालकांकडे काम करत तो कोलोरॅडो सिटीजवळच्या क्ले मॅनकडे आला आणि तिथे टिकला. मॅनच्या गुरांवरची डागणीची खूण होती ‘८०’. कातडीवर तापल्या लोखंडाने उमटवलेल्या त्या आकड्यावरून वॉलेसला ‘एटी जॉन’ हे नाव पडलं.

शोधणाऱ्याचा इथेच घात होतो. जॉन हे त्याचं नाव कधीच नव्हतं. ‘जॉन वॉलेस’ या नावाने काउंटीचे कागद चाळले तर भलतेच जॉन वॉलेस हाती लागतील. व्यवहारात तो ‘डी. डब्ल्यू. वॉलेस’ होता, म्हणून दप्तरातही तोच शोधायचा. टोपणनावावर वाढलेल्या कुटुंबांनी एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली तर महिनोन्‌महिने वाचतील.

डागणीची नोंदवही टेक्सासमध्ये काउंटीच्या कारकुनाकडे असे. मोकळ्या रानात कुंपण नव्हतं, हजारो गुरं एकमेकांत मिसळत. तेव्हा कोणतं जनावर कोणाचं याचा पुरावा ही खूण आणि तिची नोंद हाच होता. ही वही उघडली की ओळीच्या एका टोकाला मालकाचं नाव, मग कारकुनाने हाताने काढलेली खुणेची आकृती, जनावराच्या कोणत्या अंगावर ती आहे, डाव्या फऱ्यावर की बरगडीवर, शिवाय कान कसा कापला आहे, आणि नोंदीची तारीख. खूण डावीकडून उजवीकडे, वरून खाली आणि बाहेरून आत वाचायची, अशी रीत. वॉलेसने पुढे स्वतःची खूण घेतली ती डी अक्षर आणि त्रिकोण अशी. नोंद काउंटीपुरती असल्यामुळे तीच खूण दुसऱ्या काउंटीत दुसऱ्याची असू शकते, म्हणून एकट्या खुणेवर निष्कर्ष काढायचा नाही.

आता पगाराची गोष्ट. मॅन त्याला महिना ३० डॉलर द्यायचा. वॉलेसने त्याच्याशी असं ठरवलं की हातात फक्त ५ डॉलर घ्यायचे, उरलेले २५ मालकाकडेच ठेवायचे आणि दोन वर्षांनी त्या पैशाची गुरं घ्यायची. ती गुरं मॅनच्याच कुरणात चरायची. ही गोष्ट कुटुंबाने जपली. असला पगाराचा ठराव काउंटीच्या कचेरीत कोणी नोंदवायला जात नसे. पण त्याचं फळ मात्र सरकारी कागदावर उमटतं, कारण गुरांवर कर होता.

टेक्सासच्या काउंट्यांचे करपट दरवर्षी बनत. जनगणना दहा वर्षांनी एकदा, करपट वर्षाला एक. म्हणून १८९० ची जळालेली पानं भरून काढायला याच्याइतकं चांगलं साधन नाही. आपल्याकडच्या तलाठ्याच्या दप्तरासारखंच हे रुक्ष दप्तर. मालकाचं नाव, जमिनीचे एकर, ती जमीन मुळात कोणाला मिळाली होती, घोडे किती व त्यांची किंमत, गुरं किती व त्यांची किंमत. एकाच नावाच्या ओळी वर्षामागून वर्ष खाली लिहून काढल्या की माणसाची चढती-पडती कमान दिसते. कोणत्या साली फक्त जनावरं आहेत आणि जमीन नाही, कोणत्या साली पहिल्यांदा एकरांचा आकडा आला, कोणत्या साली गुरं एकदम घटली, म्हणजे दुष्काळ पडला की विक्री झाली, असे प्रश्न तिथून सुचतात.

१८८५ साली वॉलेसने मिचेल काउंटीत लोरेनच्या आग्नेयेला १,२८० एकर घेतले. टेक्सासमध्ये जमिनीचा एक ‘सेक्शन’ ६४० एकरांचा, म्हणजे हे नेमके दोन सेक्शन. इथेही बाहेरगावचा शोधक फसतो. इतर पश्चिमी राज्यांत पणजोबांची होमस्टेडची, म्हणजे सरकारी जमीन कसून मालकी मिळवल्याची, फाइल वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात मिळते. टेक्सासने मात्र १८४५ मध्ये संघराज्यात येताना आपली सरकारी जमीन स्वतःकडेच ठेवली. १८६२ चा होमस्टेड कायदा तिथे लागूच झाला नाही. मूळ वाटपाचे कागद ऑस्टिनच्या जनरल लँड ऑफिसमध्ये आणि नंतरची खरेदीखतं त्या त्या काउंटीत.

आणि ज्याचा कागद सहसा राहत नाही अशी एक गोष्ट. जमीनमालक झालेला, पंचविशीतला हा गडी नवारो काउंटीतल्या शाळेत जाऊन लहान पोरांबरोबर दुसरीच्या वर्गात बसला आणि लिहा-वाचायला शिकला. लॉराची गाठ तिथेच पडली. दिवसभर घोड्यावर काम केलेल्या, चार माणसांत मान असलेल्या तरुणाने असं बाकावर बसणं, हे मला त्याच्या सगळ्या एकरांपेक्षा मोठं वाटतं. १९०० च्या जनगणनेत ‘वाचता येतं का’ आणि ‘लिहिता येतं का’ असे दोन रकाने आहेत. त्यातल्या ‘होय’मागे काय झालं ते घरातलाच माणूस सांगू शकतो.

हे सांगणारी व्यक्ती म्हणजे त्याची मुलगी हेटी वॉलेस ब्रँच. वडिलांच्या मृत्यूनंतर २१ वर्षांनी, १९६० मध्ये, तिने ‘द स्टोरी ऑफ एटी जॉन’ हे पुस्तक प्रसिद्ध केलं. मुलीने वडिलांवर लिहिलेलं पुस्तक जसं प्रेमाचं असतं तसंच ते वाचावं, पण दोन भाग मनात वेगळे ठेवून: रँचवरचं जे तिने डोळ्यांनी पाहिलं ते एक, आणि तिच्या जन्माआधीचं जे वडिलांकडून ऐकलं ते दुसरं. पहिल्या भागात ती साक्षीदार आहे. दुसऱ्यात आठवणीची आठवण आहे, तेव्हा साल, वय, रकमा करपटाशी ताडून घ्याव्यात. मृत्यूच्या दाखल्यालाही हाच नियम. त्यावरचा मृत्यूचा दिवस भरवशाचा. जन्माचा दिवस आणि आईवडिलांची नावं मात्र माहिती देणाऱ्या नातेवाइकाच्या ऐकीवावर अवलंबून. इस्टेट दहा लाखांची होती का, याचा निवाडा वारसाहक्काच्या फाइलीत जोडलेल्या मालमत्तेच्या यादीवरून होतो.

तरी पुराव्यांची पायरी लावताना मी हेटीच्या पुस्तकाला करपटाच्या वरची जागा देईन. करपटात डी. डब्ल्यू. वॉलेस आहे, खरेदीखतात आहे, डागणीच्या वहीत आहे. हा तोच मेरीचा मुलगा आणि हाच एटी जॉन, हे जोडून देणारं कुटुंबातलं पुस्तक मात्र तिचंच आहे.