लॅपटॉप मेला, म्हणजे नक्की काय मेलं?

गेल्या वर्षी वसुबारसेच्या तीन दिवस आधी, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला मिळणारी नेहमीची अद्यतनं थांबवली. विंडोज ११ मात्र इंटेलच्या आठव्या पिढीआधीच्या, म्हणजे ढोबळमानाने २०१७ पूर्वीच्या प्रोसेसरवर अधिकृतपणे चालत नाही. त्यामुळे धडधाकट लॅपटॉपही ‘आता जुना झाला’ म्हणून माळ्यावर गेले. तिथे त्यांचे भाऊबंद आधीपासून होतेच. कुणावर चहा सांडलेला, कुणाची बिजागरी तुटून स्क्रीन लोंबणारा, तर कुणी पनवेलच्या चार महिन्यांच्या ओल्या हवेत मदरबोर्डवर हिरवट थर धरून बसलेला. दिवाळीच्या आवराआवरीत ही सगळी मंडळी खाली उतरतात आणि भंगारवाला त्यांना वजनकाट्यावर ठेवतो.

पण लॅपटॉप एकदम मरत नाही. त्याचं एखादंच काहीतरी जातं आणि आपण सगळ्यालाच मेलं म्हणून मोकळे होतो. काय गेलंय ते कळायच्या आत स्क्रूड्रायव्हर हातात घेऊ नये. सुटे भाग काढून त्यांचं काही बनवण्याची हौस मलाही आहे, तरी माझं मत असं, की लॅपटॉप जितका कमी उचकटाल तितका तो जास्त उपयोगी पडतो. हे भाग एकमेकांसाठीच बनवलेले असतात. वेगळे केले, की प्रत्येकाला काहीतरी नवं जोडावं लागतं आणि त्या जोडणीचा खर्च कधी कधी मूळ भागाच्या किमतीवर जातो.

म्हणून पहिली परीक्षा टीव्हीची. लॅपटॉपला एचडीएमआय केबल लावून तो टीव्हीला जोडायचा. चित्र उमटलं, तर गेलाय तो फक्त स्क्रीन किंवा त्याच्याकडे जाणारी केबल. मग स्क्रीनचा भाग काढून टाकला, की उरलेला अर्धा लॅपटॉप टीव्हीमागे राहणारा पूर्ण संगणक होतो. इथे एक खाच आहे. बहुतेक लॅपटॉपमध्ये वायफायच्या अँटेनाच्या बारीक तारा स्क्रीनच्या कडेनेच गेलेल्या असतात. स्क्रीनबरोबर त्याही निघाल्या, की वायफाय लंगडं पडतं. तारा हळूच सोडवून खालच्या भागाला चिकटवून ठेवाव्यात. संगणक दिवसभर चालू राहणार असेल, तर जुनी बॅटरी काढून ठेवावी. काही मॉडेलं बॅटरीशिवाय जरा मंद चालतात, ते सोसावं.

विंडोजचा प्रश्न लिनक्स मिंटसारख्या मोफत प्रणालीने सुटतो. त्यात जुन्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवली, तर दहा वर्षांचं यंत्रही पत्रं लिहायला, जमाखर्च ठेवायला आणि नातवंडांशी व्हिडिओवर बोलायला पुरतं. स्क्रीन काढला असेल, तर कॅमेरा मात्र बाहेरून लावावा लागतो. अमेरिकेतली फ्रेमवर्क ही कंपनी तर आपल्या लॅपटॉपचा मदरबोर्ड सुटाच विकते. छोट्या पेटीत घातला, की तो स्वतंत्र संगणक म्हणून चालतो.

मदरबोर्डच गेला असेल, तर मग उघडायला हरकत नाही. पहिली बाहेर काढायची ती डिस्क. अडीच इंची साटा डिस्क असेल, तर साटा-यूएसबी केबल किंवा केसिंग एवढंच लागतं. च्युइंगगमच्या पट्टीएवढी एम-डॉट-टू एसएसडी असेल, तर ती साटा आहे की एनव्हीएमई, हे लेबलवर वाचूनच केसिंग घ्यावं. दोन्ही सारख्याच दिसतात आणि चुकीच्या केसिंगमध्ये चालत नाहीत. डिस्क जोडल्यावर तिने बिटलॉकरची, म्हणजे विंडोजने डिस्कला लावलेल्या कुलुपाची, चावी मागितली, तर ती बहुधा त्या लॅपटॉपवर वापरलेल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली सापडते. अशी जुनी डिस्क जादा प्रत ठेवायला चांगली. लग्नाचे फोटो तिच्या एकटीच्या भरवशावर ठेवू नयेत.

रॅमची पट्टी दुसऱ्या लॅपटॉपला लागते, पण डीडीआर-३ च्या जागी डीडीआर-४ बसत नाही, दोन्हींच्या खाचाच वेगळ्या असतात.

सगळ्यांना मोह पडतो तो स्क्रीनचा. पॅनेलच्या पाठीवर त्याचा क्रमांक छापलेला असतो. त्या क्रमांकाला जुळणारा कंट्रोलर बोर्ड आणि त्याचा अडॅप्टर घेतला, की घरचा मॉनिटर तयार. हे बोर्ड ऑनलाइन मिळतात, नाहीतर कुर्ला-दादरला गाडी बदलत ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठायचा. पाट्यांवर आज डॉ. भडकमकर मार्ग असला, तरी इलेक्ट्रॉनिक्सवाले त्याला जुन्याच नावाने ओळखतात. पॅनेल फुल एचडी असेल तरच हा खटाटोप करावा. १३६६ बाय ७६८ च्या स्क्रीनसाठी बोर्ड घेण्यापेक्षा वापरलेला मॉनिटर परवडतो. फार जुन्या, साधारण २०१० च्या आधीच्या पॅनेलमध्ये एलईडीऐवजी पारा असलेली बारीक नळी असते आणि ती पेटवणाऱ्या इन्व्हर्टरवर शेकडो व्होल्ट असतात. त्याच्या वाटेला जाऊ नये.

बॅटरीची गोष्ट मजेची आहे आणि धोक्याचीही. जाड बॅटरीत १८ मिलिमीटर व्यासाचे, ६५ मिलिमीटर लांबीचे गोल सेल असतात. एखादी जोडी कमजोर झाली, की सगळा पॅक बाद ठरतो आणि बाकीचे सेल धडधाकट असून वाया जातात. आयबीएमच्या भारतातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये टाकून दिलेल्या लॅपटॉप बॅटऱ्या तपासल्या. त्यांतल्या किमान ७० टक्के बॅटऱ्यांत एलईडी दिवा रोज चार तासांहून जास्त, तोही वर्षभर, पेटवण्याइतका दम होता. त्यांनी त्यातून ‘ऊर्जार’ नावाचा दिव्याचा संच बनवला. पण तो बनवणाऱ्यांनी सेल पारखून घेतले होते आणि त्यांना संरक्षक सर्किट जोडलं होतं. घरी पॅक फोडताना पात्याचं टोक सेलमध्ये घुसलं, तर आग लागते आणि ती सहज विझत नाही. चपट्या, पाकिटासारख्या बॅटऱ्या तर आणखी नाजूक. फुगलेली बॅटरी टोचू नये, दाबू नये, चार्जिंगला लावू नये. टोकांवर चिकटपट्टी लावून ती घरातल्या सामानापासून दूर ठेवावी.

बाकी किरकोळ. हार्ड डिस्क कायमची गेली असेल, तर तिच्यातली चुंबकं सांडलेले स्क्रू टिपायला झकास, बोट मात्र मध्ये येऊ देऊ नका. स्पीकर पाच व्होल्टच्या छोट्या अँप्लिफायरवर वाजतात. कीबोर्डच्या मागे लागू नये. यूएसबीचा नवा कीबोर्ड त्या कष्टांपेक्षा स्वस्त पडतो.

उरलेला सांगाडा भंगारात देताना जरा थांबावं. बोर्डातलं तांबं आणि सोनं काढायला तो जाळला जातो, आम्लात बुडवला जातो, आणि ते पाणी कुठल्या तरी नाल्यात जातं. तळोजा एमआयडीसीतून कासाडी नदीत जाणाऱ्या सांडपाण्याचं प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलं, हे पनवेलकरांना सांगायला नको. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी अशा कचऱ्याच्या विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकांवर आणि नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांवर टाकली आहे. बॅटऱ्यांसाठी २०२२ चे नियम वेगळे आहेत. म्हणून दोन्ही वेगवेगळ्या पिशव्यांत भरून द्यावं आणि घेणाऱ्याकडे नोंदणी विचारावी. डिस्क घरी ठेवायची नसेल, तर आधी पूर्ण पुसावी. चालतच नसेल, तर आतल्या तबकड्या निकामी कराव्यात. एसएसडीला तबकडी नसते, तिच्या चिपाच फोडाव्या लागतात.