पुढचा प्रयोग कधी?

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह जळाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. तसबिरीला हार घालायला येणारी माणसे सकाळी राखेसमोर उभी राहिली. गावातले रंगकर्मी ढसाढसा रडले, मुंबई-पुण्याचे कलाकार हळहळले, नेते येऊन पाहणी करून गेले, निधी जाहीर झाला. त्याला आता वर्ष उलटून गेले. नाट्यगृह होते तसेच पुन्हा उभे करणार, असे सांगितले जाते. राहो उभे. पण या काळात मला सगळ्यात जास्त लागले ते वेगळेच. चहाच्या गाड्यावर, बँकेत, लग्नाच्या पंगतीत, कुठेही भेटलेल्या एकाही माणसाने मला विचारले नाही की, ‘पुढचं नाटक कुठलं आणि कधी?’ मग आठवू लागलो, की नाट्यगृह धड उभे होते तेव्हा तरी हा प्रश्न शेवटचा कधी ऐकला. बरेच मागे जावे लागले.

या वास्तूचा आरंभीचा इतिहास कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ असतो, म्हणून भरभर सांगतो. राजर्षी शाहू महाराज १९०२ साली युरोपला गेले, तिथे रोमचे आखाडे पाहिले आणि कुस्तीचे मैदान व नाट्यगृह शेजारी शेजारी बांधायचे त्यांनी ठरवले, असे गावात सांगतात. खासबाग मैदान आधी झाले, मग १९१५ साली पॅलेस थिएटर. प्रेक्षागृहात नजरेच्या आड येणारा खांब नाही, हे त्या काळाचे नवल. ज्या केशवरावांचे नाव पुढे या वास्तूला मिळाले, ते इथलेच. १९०८ साली हुबळीत त्यांनी ‘ललितकलादर्श’ ही नाटक कंपनी काढली. १९२१ च्या जुलैत टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत बालगंधर्वांबरोबर संयुक्त ‘मानापमान’ केले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी, ते गेले. बोलपट आले, नाटक कंपन्या बसल्या, पुन्हा उठल्या. यातले मी काहीच पाहिलेले नाही. दर जयंतीला तीच भाषणे ऐकून ऐकून या इतिहासावरून माझे मनही उडाले आहे. शाहू महाराजांचे नाव घ्यायचे आणि त्यांच्या नाट्यगृहात तिकीट काढून जायचे नाही, ही आमची रीत झाली.

मी बोलणार आहे ते साधारण १९८५ ते १९९५ या काळाबद्दल. तो मी जगलो.

त्या दिवसांत नाटक येण्याच्या आधी त्याची चाहूल यायची. आठवड्याच्या मध्यावर पेपरात दोन बोटे रुंदीची जाहिरात दिसायची: नाटकाचे नाव, दोन नटांची नावे, वार, वेळ, आणि खाली ‘प्लॅन चालू’. मग नाट्यगृहाबाहेर रंगवलेला बोर्ड लागायचा. शनिवारी भोंगा लावलेली रिक्षा मंगळवार पेठेतून, महाद्वार रोडवरून फिरायची, आणि ओरडणारा गडी नटांच्या नावांचे उच्चार आपल्या मर्जीने करायचा. तोवर घराघरात ठरलेले असायचे कोण जाणार, पोरांना कुणाकडे ठेवायचे, जेवण आधी की नंतर. नाटकाचा आनंद नाटकाच्या चार दिवस आधी सुरू व्हायचा. आज तो भाग पूर्ण गळाला आहे आणि त्याची कुणाला खंतही नाही.

प्लॅनविषयी नव्या पिढीला सांगायला हवे. पुठ्ठ्यावर चिकटवलेला प्रेक्षागृहाचा नकाशा, त्यावर खुर्च्यांचे चौकोन, रांगांना अक्षरे. खुर्ची विकली की खिडकीतला माणूस लाल पेन्सिलीने त्या चौकोनावर फुली मारायचा. गर्दीच्या नाटकाला पुठ्ठा तासाभरात लाल व्हायचा. आम्ही खिडकीतून मान आत घालून तो बघायचो.

‘काका, डी रांग हाय काय?’

‘कवाच संपली. जी घे, मधल्या दोन हायेत. का भांडणार हायस?’

भांडायचे नसायचेच. काका कोणत्या घरातल्या म्हाताऱ्याला ऐकू कमी येते आणि कुणाला कडेची खुर्ची लागते, हे जाणून असायचे. तिकिटाची ती पातळ चिठोरी खिशात आली की रविवारपर्यंत तिला हात लावून बघायचो.

काय काय आले त्या दहा वर्षांत! पणशीकरांचे ‘तो मी नव्हेच’ आमच्या वडिलांच्या तरुणपणापासून फिरत होते, पण आमच्याकडे त्याला वेगळाच रंग चढायचा. लखोबा लोखंडे हा निपाणीचा तंबाखूचा व्यापारी, आणि निपाणी आमच्यापासून एसटीने तासाभरावर. निपाणीचे नाव आले की बाल्कनीतून जो हशा यायचा तो पुण्यात येत नसणार. मच्छिंद्र कांबळींचे ‘वस्त्रहरण’ मालवणीतले. निम्म्या शब्दांचे अर्थ आम्हाला कळत नव्हते आणि तरी पोटे दुखली. मग ‘चारचौघी’ आले. प्रशांत दळवींचे हे नाटक १९९१ चे. वंदना गुप्ते एकट्या रंगमंचावर आणि हातात टेलिफोन. तो प्रसंग चालला होता तेव्हा माझ्या शेजारी बसलेल्या बाई, तालमीच्या पैलवान घरातल्या, डोक्यावरचा पदर घट्ट धरून होत्या. मध्यंतरात नवरा वडा घेऊन आला तर त्यांनी तो घेतला नाही. नाटक सुटल्यावर माणसे बाहेर मैदानाच्या कडेला उभी राहून अर्धा तास भांडली, बाई बरोबर की बाई चूक. नाटकावरून अनोळखी माणसे रस्त्यात भांडतात ते गाव जिवंत असते, असे माझे मत आहे आणि ते बदललेले नाही.

पण बाहेरून येणाऱ्या नाटकांपेक्षा मला जास्त अप्रूप गावातल्या नाटकांचे. ‘प्रत्यय’ या इथल्या नाट्यसंस्थेच्या मंडळींनी ‘राजा लिअर’ उभे केले, विंदा करंदीकरांच्या अनुवादाचे, आणि लिअर केला शरद भुताडिया यांनी. पेशाने डॉक्टर. दिवसभर पेशंट तपासायचे आणि रात्री तालमीला उभे राहायचे. त्यांच्यासारखेच इतरही नोकरी-व्यवसाय सांभाळून आलेले. या असल्या माणसांनी शेक्सपिअरचा सर्वांत अवघड राजा कोल्हापुरात उभा केला आणि मग महाराष्ट्राला दाखवला. मुंबईहून कोणी येऊन आमच्यावर उपकार करण्याची गरज नव्हती, हे त्या नाटकाने सिद्ध केले. राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी लागली की संध्याकाळी सातच्या ठोक्याला केशवरावला हजर राहणारी एक ठरावीक जमात होती. रोज नवे नाटक, दर नाममात्र. काही नाटके सहन होत नसत. तरीही उठून जायचे नाही, हा अलिखित नियम, कारण विंगेत उभा असलेला मुलगा आपल्याच गल्लीतला.

गाण्याचेही तसेच. जयपूर घराण्याचे अल्लादियाँ खाँसाहेब शाहू महाराजांचे दरबारी गायक होते. त्यांचे चिरंजीव भुर्जी खाँ यांच्या शिष्यांत मल्लिकार्जुन मन्सूर येतात आणि कोल्हापूरच्या धोंडूताई कुलकर्णीही. त्यामुळे जयपूर घराणे हा आमच्याकडे पुस्तकातला विषय नव्हता, जुन्या घरांत बोलायचा विषय होता. देवल क्लब या गावातल्या गायन संस्थेत बैठक आहे हे पेपरात एका ओळीत येई आणि तेवढे पुरे होई. सतरंजीवर बसायचे, पुढच्या रांगेत जाणकार, मागे आमच्यासारखे, आणि खिडकीबाहेर पायरीवर काही ऐकणारे जे कधीच आत आले नाहीत.

पंच्याण्णवनंतरची पंधरा-वीस वर्षे मी थोडक्यात आटोपतो. लिहिण्यासारखे फार नाही. वाहिन्या आल्या, मालिका आल्या, नटांच्या तारखा शूटिंगने खाल्ल्या. पूर्वी दौरा म्हणजे सातारा, कऱ्हाड, सांगली, कोल्हापूर, बेळगाव असा आठवडा-पंधरवड्याचा असे. मग तो शनिवार-रविवारपुरता उरला. दौऱ्याचे गणित साधे आहे. नेपथ्याचा ट्रक आणि कलाकारांची बस एकदा दौऱ्यावर निघाली की वाटेतल्या तीन-चार गावांत प्रयोग झाले तरच खर्च निघतो. मधले एक मोठे गाव गळले की पुढच्या-मागच्या गावांचीही नाटके गळतात. केशवराव जळाले तेव्हा सांगली, मिरज, इचलकरंजीच्या प्रेक्षकाचेही नुकसान झाले, आणि त्याबद्दल कोणी अवाक्षर काढले नाही.

सगळा दोष टीव्हीच्या माथी मारून मोकळे होणाऱ्यांशी माझे जुने भांडण आहे. ते आज मिटवूनच टाकतो.

पहिले भांडण फुकट्यांशी. प्रयोग ठरला की पासांसाठी फोन सुरू. अमक्या साहेबांना आठ, तमक्या नगरसेवकांना दहा, परवानगीचा कागद पुढे सरकवणाऱ्याला चार. पहिल्या तीन रांगा अशा जायच्या, आणि तिथली निम्मी माणसे यायचीच नाहीत. तिकीट काढलेली शाळामास्तरीण मागे आणि पुढे मोकळ्या खुर्च्या. एका प्रयोगाला मी आणि माझ्या मित्रांनी पडदा वर जाण्याआधी मागच्या बायाबापड्यांना पुढे बसवले. तिसऱ्या घंटेनंतर आलेल्या एका कुटुंबाने त्यांना उठवले, आणि व्यवस्थापकाने त्या कुटुंबाची बाजू घेतली. ज्या गावात फुकट बसणे ही प्रतिष्ठा झाली, तिथे तिकीट काढणारा हळूहळू घरीच राहतो.

दुसरे भांडण प्रयोग लावणाऱ्या ठेकेदारांशी, सगळ्यांशी नव्हे. जाहिरातीत एका नटाचे नाव आणि रंगमंचावर दुसराच, असे माझ्यासमोर घडले आहे. पडद्यापुढे येऊन दोन शब्द सांगण्याचे सौजन्यही दाखवले नाही. लोक पैसे परत मागायला गेले तेव्हा खिडकी बंद होती. असे एकदा झाले की माणूस पुढच्या दहा जाहिरातींवर विश्वास ठेवत नाही. लांबून आलेल्या एका प्रेक्षकाची एसटी चुकली होती, तो रात्रभर स्टँडवर बसला. त्याला पुन्हा कधी नाटकाला पाहिले नाही.

तिसरे, आणि मला सर्वांत जास्त झोंबलेले, तारखांचे. हौशी संस्थेने तीन महिने आधी पैसे भरून तारीख घ्यायची, पोरांनी रजा काढायच्या, आणि आदल्या दिवशी निरोप यायचा, हॉल मेळाव्याला दिला आहे. माझ्या ओळखीच्या एका गटाच्या बाबतीत एका हंगामात असे दोनदा झाले. तो गट फुटला. त्यातली मुलगी, जी मी पाहिलेल्या चांगल्या अभिनेत्रींपैकी एक होती, आज रंगमंचाचे नाव काढत नाही. हॉल उभा होता, दिवे होते, पडदा होता. नाटकाला तारीख नव्हती.

म्हणून आग लागल्यावर जे हुंदके ऐकू आले त्यातले काही मला खरे वाटले नाहीत. शताब्दीच्या सुमारास नूतनीकरण झाले तेव्हा नव्या खुर्च्या आणि रंगरंगोटीचे कौतुक झाले. पण महिन्याला किती नाटके लागतात, त्यातली किती गावातल्या संस्थांची, हे विचारायला कोणी उभे राहिले नाही. वाढदिवसानिमित्त ऑर्केस्ट्रा, वर्धापनदिनानिमित्त हास्यसंध्या, प्रायोजक अमुक, प्रवेश विनामूल्य. अशा संध्याकाळी हॉल भरतो आणि प्रेक्षक घडत नाही. आता तर जाहिरातही मोबाइलवर येते, चार दिवसांनी खाली वाहून जाते. ज्या म्हाताऱ्याकडे तसा मोबाइल नाही त्याला नाटक होऊन गेल्यावर कळते.

आता नवे नाट्यगृह होईल. ज्यांच्या हाती ते जाईल त्यांना माझे हात जोडून सांगणे आहे. एकदा नाटकाला दिलेली तारीख कोणत्याही कारणाने काढून घेऊ नका. आठवड्यातली एक संध्याकाळ गावातल्या हौशी संस्थांसाठी राखा आणि ती वर्षभर बदलू नका. नाट्यगृहाबाहेर मोठा फलक लावा, त्यावर पुढच्या महिन्याचे सगळे प्रयोग लिहा, आणि ऑनलाइन विक्री ठेवायची तर ठेवा, पण एक खिडकी उघडी असू द्या. पास बंद करा. अगदी सगळे.

आणि वाचकहो, तुम्हालाही. पहिल्या प्रयोगाला नेते असतील, नारळ फुटेल, फोटो निघतील, तिथे तुमची गरज नाही. तुम्ही दुसऱ्या आठवड्यातल्या नाटकाला या, ज्याचे नाव तुम्ही ऐकलेले नसेल आणि ज्यात टीव्हीवरचा एकही चेहरा नसेल. तिकीट काढून या, आणि येताना शेजारच्या घरातल्या पोराला घेऊन या.