मोटारसायकल : प्रारंभिक देखभाल

नव्या मोटारसायकलने पहिले ५०० ते १,००० किमी. अंतर कापल्यावर तिच्या एंजिनातील तेल बदलणे, सैल झालेले भाग आवळणे, साखळी, रोधक (ब्रेक) व झडपा यांची जुळणी तपासणे, या कामांना मिळून प्रारंभिक देखभाल म्हणतात. व्यवहारात तिला ‘पहिली सर्व्हिसिंग’ असे नाव रूढ आहे. अंतराची अट निर्मात्यानुसार बदलते. तिच्या जोडीला बहुधा दिवसांचीही मर्यादा असते व दोहोंपैकी जी आधी पूर्ण होईल ती ग्राह्य धरतात. गाडी फारशी न चालविणाऱ्या मालकाच्या ही दुसरी अट पुष्कळदा ध्यानात राहत नाही. पुढच्या कोणत्याही देखभालीपेक्षा या पहिल्या देखभालीचे महत्त्व वेगळे आहे. पुढच्या देखभाली झीज रोखण्यासाठी असतात; पहिली मात्र हेतुपूर्वक होऊ दिलेल्या झिजेनंतरची साफसफाई असते.

एंजिन रुळणे : कारखान्यात सिलिंडरची आतील भिंत आरशासारखी गुळगुळीत करीत नाहीत. तिच्यावर एकमेकींना तिरप्या छेदणाऱ्या अतिसूक्ष्म रेघा मुद्दाम पाडतात. रेघांच्या खोलगट भागात तेल साठून राहते, तर त्यांच्या कडांचे सूक्ष्म उंचवटे दट्ट्याच्या कड्यांशी घासून पहिल्या काही तासांत झिजतात. त्यामुळे कडी व भिंत एकमेकींशी बेतशीर जुळतात व ज्वलन कोठीतील वायूंना खाली निसटण्यास वाट उरत नाही. ही जुळणी नीट झाली नाही, तर एंजिन तेल जाळते, धूर सोडते व त्याची शक्ती कमी पडते. हा दोष पुढे केवळ तेल बदलून जात नाही. दंतचक्रांचे दाते, धारवे, क्लचच्या तबकड्या व झडपांच्या बैठकी यांतही अशीच क्रिया सौम्य प्रमाणात चालू असते.

या काळात गाडी कशी चालवावी याबद्दल मतभेद आहेत. जुन्या ओतीव लोखंडी सिलिंडरांच्या गाड्यांना पहिली ५०० किमी. ताशी ४० ते ५० किमी.च्या वर नेऊ नये, असा दंडक असे. उलट काही हौशी चालक पहिल्या दिवसापासून एंजिनावर पूर्ण भार टाकावा, असे सांगतात. दोन्ही टोके टाळणे इष्ट. कडी भिंतीवर दाबली जाते ती मुख्यतः तिच्या मागे शिरणाऱ्या वायूच्या दाबामुळे. म्हणून एंजिन सतत अगदी हलक्या भाराखाली ठेवल्यास कडी नीट बसत नाही आणि भिंतीवर चकाकी येते. अतिभाराने मात्र स्थानिक उष्णता वाढून पृष्ठभाग खरवडले जातात. मध्यम भार, सतत बदलता वेग, आणि वरच्या गिअरमध्ये धीम्या गतीने गाडी न रेटणे, एवढे पथ्य पुरेसे असते. सरळ मार्गावर एकाच वेगाने तासन्‌तास जाण्यापेक्षा गावातील व आसपासच्या रस्त्यांवरील मध्यम वर्दळीत एंजिन अधिक चांगले रुळते. अलीकडच्या ॲल्युमिनियम सिलिंडरांच्या भिंतींवर कठीण मुलामा असतो व त्यांची यंत्रणही अधिक काटेकोर असते. त्यामुळे जुन्या ‘बुलेट’ला लागे तेवढी जपणूक त्यांना लागत नाही. तथापि पुस्तिकेत दिलेली मर्यादा पाळावीच.

रुळण्याचा काळ एंजिनापुरता नसतो. नवे टायर गुळगुळीत असल्याने पहिल्या सु. १५० किमी.पर्यंत वळणावर गाडी फार कलती करणे धोक्याचे असते. रोधकाचे अस्तरही चकतीशी किंवा डबीशी पूर्णपणे जुळलेले नसते आणि गाडी थांबण्यास अपेक्षेपेक्षा अधिक अंतर लागते. नवशिक्या चालकाला आपल्या गाडीचा सराव नसतो आणि गाडीचे भागही रुळलेले नसतात. दोन्ही उणिवा एकाच वेळी एकत्र येतात, ही गोष्ट विक्रेते क्वचितच सांगतात.

तेलबदल : रुळताना निघालेला धातूचा बारीक कीस एंजिन तेलात मिसळतो. बहुसंख्य चतुर्घाती मोटारसायकलींत एकच तेल एंजिन, क्लच व दंतचक्रपेटी या तिघांना पुरते. म्हणून हा कीस सर्वत्र फिरतो. पहिल्या वेळी काढलेले तेल उन्हात धरले असता त्यात रुपेरी झाक दिसते. ती स्वाभाविक आहे. बोटाला टोचतील असे तुकडे किंवा पापुद्रे आढळले, तर मात्र ते कोठल्या भागातून आले याचा शोध घेतल्याशिवाय गाडी चालवू नये. हे तेल मालकाने स्वतः पाहावे, एवढ्यासाठी तरी पहिल्या देखभालीच्या वेळी कार्यशाळेत हजर राहणे योग्य.

१०० ते १२५ घ. सेंमी. च्या गाडीस सु. ८०० मिलि. ते १ लि. तेल लागते. त्याची श्यानता (दाटपणा) पुस्तिकेत दिलेली असते, उदा., १०डब्ल्यू-३० किंवा २०डब्ल्यू-४०. श्यानतेइतकीच महत्त्वाची आणखी एक खूण डब्यावर असते. क्लच तेलात बुडालेला असल्याने मोटारगाडीसाठीचे, घर्षण कमी करणारी द्रव्ये घातलेले तेल वापरल्यास तो घसरू लागतो. यासाठी १९९८ साली जपानमध्ये ‘जासो’ मानक तयार झाले. क्लच तेलात असलेल्या गाड्यांसाठी त्यातील ‘एमए’ किंवा ‘एमए२’ ही वर्गवारी पाहावी. महाग तेल म्हणजे चांगले तेल, ही समजूत येथे उपयोगी पडत नाही. द्विघाती गाड्यांत (उदा., १९८५ साली भारतात आलेली यामाहा आरएक्स १००) एंजिनाचे वंगण पेट्रोलबरोबर जळून जाते; त्यांच्या पहिल्या देखभालीत दंतचक्रपेटीतील तेल बदलत असत.

तेलबदलाचे काम अवघड नाही, पण त्यात हमखास होणारी एक चूक महागात पडते. एंजिनाची पेटी ॲल्युमिनियमची व तळाचा निचरा-बोल्ट पोलादी असतो. लांब दांड्याच्या पान्याने जोर लावून तो आवळल्यास पेटीतील मऊ आटे निघून येतात आणि दोन-तीनशे रुपयांच्या बचतीपायी पेटी दुरुस्त करण्याची पाळी येते. लहान एंजिनांत या बोल्टासाठी सु. २० ते ३० न्यूटन-मीटर पीडन परिबल पुरते. पीळ मोजणारा पाना (टॉर्क रेंच) नसेल, तर आखूड पाना वापरून एका हाताच्या जोरावर थांबावे. बोल्टाखालील चकती नवी घालावी, पूर्वीची चाळणी अथवा गाळणी स्वच्छ करावी किंवा बदलावी. एंजिन कोमट असताना तेल लवकर व पुरते निथळते. नवे तेल घातल्यावर एंजिन दोन-तीन मिनिटे चालवून, बंद करून, थोड्या वेळाने गाडी सपाट जागी मुख्य स्टँडवर उभी करून मोजपट्टी पाहतात. बाजूच्या स्टँडवर कललेल्या गाडीची पातळी चुकीची दिसते. पातळी वरच्या खुणेपेक्षा अधिक असणेही हानिकारक असते.

काढलेले तेल गटारात किंवा मातीत ओतणे गैर आहे. वापरलेले तेल २०१६ च्या घातक कचराविषयक नियमांत येते. ते बंद डब्यात भरून कार्यशाळेत किंवा अधिकृत संकलकाकडे द्यावे.

साखळी, झडपा व इतर जुळणी : नवी साखळी पहिल्या काही शे किलोमीटरांत सर्वांत जास्त लांबते. ती ताणल्याने लांबत नसून तिच्या खिळ्यांच्या व नळकांड्यांच्या झिजेमुळे लांबते. तिच्या मधल्या भागातील ढील साधारणपणे २० ते ३० मिमी. ठेवतात. चाक फिरवून साखळी जेथे सर्वांत ताठ होते तेथेच ही ढील मोजावी. ढिली साखळी आवाज करते म्हणून लक्षात येते. अति ताठ साखळी मात्र मुकाट्याने दंतचक्रपेटीच्या बाहेरील दंडाचा धारवा खाते. एंजिन चालू ठेवून, चाक फिरते ठेवून साखळी फडक्याने पुसण्याची सवय अत्यंत घातक आहे. तिच्यात व दंतचक्रात अडकून बोटे तुटल्याचे अपघात होतात. चाक नेहमी हातानेच फिरवावे.

झडप व तिला दाबणारी भुजा यांतील फट एंजिन पूर्ण थंड असताना जाडीमापक पट्टीने पाहतात. ती मिलिमीटरच्या काही शतांश भागांइतकी असते. सुरुवातीच्या काळात झडपा आपल्या बैठकींत थोड्या खोल बसतात व फट कमी होते. फट मोठी असल्यास टिकटिक ऐकू येते, पण ती फारच कमी झाल्यास झडप पुरती मिटत नाही, उष्ण वायू निसटतात व तिची कड जळते. आवाज नसणे म्हणजे सर्व ठीक, असे येथे मानता येत नाही. रॉयल एनफील्डच्या २००८-०९ नंतरच्या काही एंजिनांत द्रवीय यंत्रणेमुळे ही जुळणी करावी लागत नसे. फट जुळविणे हे सराव नसलेल्याने करण्याचे काम नव्हे.

क्लचची तार नवेपणी थोडी लांबते, म्हणून तिच्या दांडीची मोकळी हालचाल पुन्हा नीट करावी लागते. आऱ्यांच्या चाकांत आरे सैल होतात. हँडलचे धारवे, एंजिन चौकटीला धरणारे बोल्ट, चाकांच्या आसांची नटे यांची तपासणी वेळ घेते व डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे घाईच्या कार्यशाळेत नेमकी तीच राहून जाते. टायरमधील हवा, विजेरीची टोके व दिवे ही कामे किरकोळ होत.

विक्रेत्याकडे की स्वतः : भारतात विक्रेता गाडीसोबत काही ‘मोफत’ देखभालींची कूपने देतो. यांत मजुरी माफ असते. तेल, गाळणी, चकत्या यांचे पैसे द्यावे लागतात. ठरलेल्या मुदतीत अधिकृत कार्यशाळेत देखभाल करवून तिची नोंद पुस्तिकेत असणे, ही हमीची (वॉरंटीची) नेहमीची अट असते. गाड्यांवर दोन ते पाच वर्षांची हमी मिळत असल्याने ही नोंद गमावणे मोठ्या जोखमीचे ठरते.

अशी अट न्याय्य आहे का, हा वेगळा प्रश्न. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नसन-मॉस हमी अधिनियमाने, विशिष्ट नाममुद्रेची वस्तू किंवा सेवा विकत घेण्याशी हमी जोडण्यास सामान्यतः मनाई केली. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटारगाडी उत्पादकांना दंड ठोठावला. बाहेरच्या दुरुस्तीकाराकडे गाडी नेली एवढ्याच कारणाने हमी सरसकट रद्द करू नये, असेही त्याने सांगितले. या आदेशाविरुद्ध अपिले झाली, आणि तो मोटारगाड्यांविषयी होता, दुचाक्यांविषयी नव्हे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर संकेतस्थळ सुरू केले. त्यात वाहनक्षेत्राचाही समावेश आहे. तरीही हमीच्या वादात पुराव्याचा भार व्यवहारतः मालकावर येतो. स्वतः तेल बदलणाऱ्याने पावत्या, तारीख व किलोमीटर यांची नोंद ठेवली, तरी ती कार्यशाळेच्या शिक्क्याइतकी मानली जाईलच असे नाही.

तांत्रिक कारणेही विक्रेत्याच्या बाजूची आहेत. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज-६ मानकानंतर कार्ब्युरेटरची जागा इंधन-अंतःक्षेपणाने घेतली. दोष ओळखण्यासाठी निदान-यंत्र जोडावे लागते. १२५ घ. सेंमी. हून मोठ्या नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून चाक जखडू न देणारी रोधक यंत्रणा सक्तीची आहे. तिच्या द्रवनलिकांत हवा शिरल्यास घरी ती काढणे कठीण जाते. कारखान्यातील जुळणीचा एखादा दोष असल्यास तो याच वेळी लेखी नोंदवून घेणे मालकाच्या हिताचे असते.

परंतु विक्रेत्याकडे गाडी सोपविली म्हणजे कामे झाली, असे समजणे भाबडेपणाचे आहे. मोफत देखभालीत कार्यशाळेस मजुरीची कमाई ग्राहकाकडून होत नाही, आणि एकेका कारागिराकडे दिवसाला पुष्कळ गाड्या असतात. जॉब-कार्डावर सर्व चौकटींत खुणा, गाडी धुऊन चकचकीत, पण साखळी जशीच्या तशी, हा अनुभव विरळा नाही. ‘एंजिन रिफ्रेश’सारखी मिश्रणे व मुलामे माथी मारण्याचाही प्रकार चालतो; नव्या एंजिनास त्यांची गरज नसते. म्हणून गाडी देताना तक्रारी जॉब-कार्डावर लिहवून घ्याव्यात, तेलाचा डबा समोर फोडला जावा असे सांगावे, आणि परतीच्या वाटेवर निघण्यापूर्वी आवारातच दोन्ही रोधक, तेलाची पातळी, साखळीची ढील व निचरा-बोल्टाखाली ठिबक आहे का, हे पाहावे.

नव्या चालकाने पहिली देखभाल अधिकृत कार्यशाळेत करवून घ्यावी व ती पाहून शिकावी, हा मार्ग सध्याच्या परिस्थितीत सर्वांत सोयीचा दिसतो. साखळीला वंगण देणे, तिची ढील मोजणे, हवा पाहणे, तारा जुळविणे ही कामे पहिल्या दिवसापासून स्वतः करण्यास हरकत नाही. त्यांनी हमीस बाधा येत नाही. तेलबदल हमी संपल्यानंतर हाती घ्यावा. जुन्या, हमीबाहेरच्या किंवा पुनर्बांधणी केलेल्या एंजिनाच्या मालकास मात्र हा प्रश्नच उरत नाही. नवे दट्टे व कड्या घातलेल्या जुन्या एंजिनालाही नव्याप्रमाणेच पहिल्या काही शे किलोमीटरांनंतर तेलबदल लागतो. हे काम गल्लीतला भरवशाचा मिस्त्री कित्येकदा कार्यशाळेहून अधिक निगुतीने करतो.

विजेवर चालणाऱ्या दुचाकींत एंजिन तेल, झडपा व ठिणगी-गुडदी नसल्याने प्रारंभिक देखभाल आटोपशीर होते. रोधक, टायर, आसांची नटे, हँडलचे धारवे व विजेच्या जोडण्या यांची तपासणी आणि आज्ञावलीची नवी आवृत्ती घालणे एवढेच तीत मुख्यतः उरते.