गुडघे कुरकुरतात? तरी नाणेघाट बघा!

'तुम्ही जा वर, मी बसते इथंच पिशव्या सांभाळत,' सहलीला गेलं की आपल्यातली एक तरी असं म्हणतेच. मैत्रिणींनो, नाणेघाटात ही वेळ येत नाही. कोकणातून चढणाऱ्यांची दमछाक होते; आपण मात्र जुन्नरहून घाटघरमार्गे गाडीनं थेट पठारावर! सासूबाईंना घेऊन मी रमतगमत दगडी रांजणापर्यंत चालले. त्यात म्हणे जकातीची नाणी टाकत. समोर खाली अख्खं कोकण! लेणं थोडं खाली आहे. पायऱ्या झेपतील तिनंच उतरावं. तिथं सुमारे 2 हजार वर्षांपूर्वीचा, सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. त्यात यज्ञांची, दानांची नोंद आहे. पावसाळ्यात धुकं अन् निसरडं असतं, तेव्हा कड्यापासून लांबच राहा. पाणी, टोपी, आजींची काठी विसरू नका.