बबचा सलाम

जॉर्ज रोमेरोच्या 'डे ऑफ द डेड'मध्ये एक मेलेला माणूस टेलिफोनचा रिसीव्हर कानाशी नेतो. वस्तरा दिसला की तो गालावरून फिरवू पाहतो. वॉकमनवर बीथोव्हनची नववी सिंफनी लागली की जागच्या जागी थबकतो. गणवेशातला अधिकारी समोर आला की सलाम ठोकतो. त्याचं नाव बब. भयपट बघताना माझे डोळे एकदाच भरून आले, ते या झॉम्बीमुळे.

'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'ने १९६८ साली रोमेरोची ही झॉम्बी-त्रयी सुरू झाली. तिथे माणसं एका शेतघरात कोंडली गेली होती. १९७८च्या 'डॉन ऑफ द डेड'मध्ये ती मॉलमध्ये लपली आणि १९८५च्या या शेवटच्या भागात थेट जमिनीखाली गेली. मूठभर सैनिक, मूठभर शास्त्रज्ञ, आणि वर सगळीकडे चालती प्रेतं.

'डॉन'चा धुडगूस आठवत आलेल्या अनेकांची तेव्हा निराशा झाली. पडद्यावर अंधार, घुसमट आणि माणसांची एकमेकांवर आरडाओरड. रोमेरोची मूळ पटकथा अवाढव्य होती. तिच्यासाठी सुमारे ७० लाख डॉलर मिळाले असते, पण 'आर' प्रमाणपत्र मिळेल इतपत रक्तपात आवरण्याच्या अटीवर. त्याने अट नाकारली, निम्म्या पैशांत भागवलं आणि पटकथा छाटून पेनसिल्व्हेनियातल्या वॉम्पमच्या जुन्या चुनखडीच्या खाणीत चित्रीकरण केलं. माझ्या मते या छाटणीनेच चित्रपट तारला. मोठ्या लढाया गेल्या. हाती राहिली एक खोली, तिच्यात झॉम्बीला माणसाळवू पाहणारा शास्त्रज्ञ डॉक्टर लोगन आणि साखळदंडातला बब.

पहिल्या भागाचा शेवट आठवा. रात्रभर झुंजून वाचलेल्या बेनला, ड्वेन जोन्सच्या नायकाला, बंदूकधारी टोळी झॉम्बी समजून गोळी घालते. जिवंत माणसाला प्रेत ठरवून सुरू झालेली ही गोष्ट तिसऱ्या भागात एका प्रेतातला माणूस शोधते. म्हणूनच हा भाग मला तिघांत मोठा वाटतो.

लोगन काही संत नव्हे. मेलेल्या सैनिकांचं मांस तो बबला बक्षीस म्हणून भरवतो. ते उघडकीला येतं आणि सैनिकांचा प्रमुख कॅप्टन ऱ्होड्स त्याला ठार करतो. सुटून आलेला बब ते प्रेत बघतो. बब साकारणाऱ्या शेरमन हॉवर्डच्या तोंडी इथे संवाद नाही, चेहऱ्यावर टॉम सॅव्हिनीच्या चमूने चढवलेला मेकअपचा जाड थर आहे. तरी त्याच्या घशातून जे निघतं ते पोरक्या लेकराचं रडणं आहे. बाकीची प्रेतं भुकेपोटी माणसांमागे धावतात. बब पिस्तूल उचलतो ते दुःखापोटी.

त्याच्या गोळ्यांनी जखमी झालेला ऱ्होड्स दार उघडतो, तर पलीकडे प्रेतांचा जमाव. बबच्या सलामाला उत्तर द्यायचं यानेच एकदा साफ नाकारलं होतं. जमाव त्याच्यावर तुटून पडतो. बब दुरून बघतो, हात कपाळाशी नेतो आणि सलाम करतो.