अंतर्गळ : 'काढणे' आणि 'शिवणे'

'अंतर्गळ काढला' असे मराठीत सर्रास म्हटले जाते. दात काढतात, मुतखडा काढतात, तद्वत् हर्नियाही काढून टाकावयाची वस्तू आहे, अशी समजूत या क्रियापदाने दृढ होते. वस्तुतः तेथे काढण्यासारखे फारसे काही नसते. पोटाची भिंत एखाद्या जागी दुबळी होते आणि तेथून आतील आवरणाची पिशवी, तिच्यासह चरबी वा आतड्याचा भाग, बाहेर डोकावतो. तो आत सारून भिंत सुस्थितीत आणणे हे शस्त्रक्रियेचे खरे कार्य होय. लॅटिन 'हर्निया' या शब्दाचा अर्थ 'फाटणे' असा आहे. फाटले असेल तर ते कोणत्या रीतीने सांधावे, या एका प्रश्नाभोवतीच सर्व पर्याय फिरतात. जांघेतील अंतर्गळ हा त्यांतील सर्वांत सामान्य प्रकार असून, आयुष्यभरात दर चार पुरुषांपैकी सुमारे एकाला तो होतो.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात 'वृद्धी'चे सात प्रकार आहेत. मूत्रज व आंत्रज हे त्यांतील दोन वेगळे प्रकार होत. आंत्रज वृद्धीच्या कारणांत भार वाहणे, बलवानाशी झुंजणे आणि झाडावरून पडणे यांचा उल्लेख आढळतो. बोली व्यवहारात हा भेद टिकला नाही. 'अंडवृद्धी' हा एकच शब्द पाणी साठण्यालाही लावतात व आतडे उतरण्यालाही. दोहोंचे उपचार भिन्न असल्यामुळे हा सैलपणा निरुपद्रवी म्हणता येत नाही.

लहान मुलांत भिंत दुबळी नसते. जन्मापूर्वी मिटावयाची वाट उघडी राहिलेली असते, इतकेच. म्हणून तेथे पिशवी मोकळी करून तिचे तोंड बांधले की पुरते. प्रौढांचे तसे नाही. पाडुआ येथील एदुआर्दो बास्सिनी यांनी 1880च्या दशकात जांघेची भिंत थराथराने शिवण्याची पद्धती प्रस्थापित केली आणि आधुनिक शस्त्रक्रियेला तेथून आरंभ झाला. टोरांटो येथे शोल्डाइस यांनी 1945 मध्ये या विकारासाठी स्वतंत्र रुग्णालय काढले. तेथील रीतीत अखंड धाग्याच्या चार ओळी घालतात. परंतु जीर्ण वस्त्र ओढून शिवले तर टाक्याशेजारीच ते पुन्हा उसवते, हा अनुभव घरोघरचा आहे. शरीरातही ताणून घातलेल्या टाक्यांचे तेच भय असते.

यावर उपाय ठिगळाचा. अमेरिकेत फ्रान्सिस अशर यांनी 1958च्या सुमारास प्लॅस्टिकच्या धाग्यांची विणलेली जाळी वापरात आणली. पुढे 1989 मध्ये लिख्टेनस्टाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी, कडा न ओढता जाळी बसविण्याची पद्धती प्रसिद्ध केली. जाळीच्या छिद्रांतून शरीराचे स्वतःचे तंतू वाढतात व भिंत घट्ट होते. ही शस्त्रक्रिया केवळ जागा बधिर करूनही करता येते, हा तिचा मोठा गुण होय.

जाळी महाग, आणि ओझी वाहणारा रुग्ण बहुधा निर्धन. धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथील शल्यविशारद डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी या विसंगतीवर शोधलेला उपाय विलक्षण आहे. मच्छरदाणीचे कापड निर्जंतुक करून त्यांनी जाळीऐवजी वापरले आणि 2003 मध्ये त्याविषयीचा अभ्यास प्रसिद्ध केला. युगांडात 302 पुरुषांवर झालेल्या आणि 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत असे स्वस्त कापड व बाजारातील जाळी यांच्या परिणामांत वर्षअखेर लक्षणीय अंतर आढळले नाही. अर्थात वाटेल ती मच्छरदाणी चालते असा याचा अर्थ नव्हे. धाग्याचे द्रव्य व त्याची शुद्धी यांवर सर्व अवलंबून आहे.

परकी वस्तू नकोच, असे म्हणणाऱ्यांसाठी पुण्याच्या डॉ. मोहन देसरडा यांनी 2001 मध्ये दुसरी वाट मांडली. पोटाच्या बाहेरील तिरप्या स्नायूच्या चिवट पडद्याची पट्टी, स्नायूपासून न तोडता, ते दुबळ्या जागी शिवतात. ठिगळ घरच्याच कापडाचे, असे म्हणावयास हरकत नाही. 2018च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेचा कल मात्र जाळीकडेच आहे.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतही जाळीच असते. ती भिंतीच्या आतल्या अंगाने बसते. आरंभीच्या वेदना कमी, कामावर परतणे लवकर. दोन्ही बाजूंचा किंवा उघड्या शस्त्रक्रियेनंतर उलटलेला अंतर्गळ असेल तर ती विशेष सोयीची. मात्र तिला बहुधा पूर्ण भूल, अधिक खर्च आणि सरावलेला हात लागतो. पद्धती कोणतीही असो, काही रुग्णांच्या जांघेत दीर्घकाळ दुखत राहते, हे संमतिपत्रावर सही करण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

त्रास नसलेल्या पुरुषाने थांबले तरी चालते, असे 2006 मधील एका अमेरिकी अभ्यासात दिसले. तथापि त्यांतील सुमारे दोनतृतीयांश पुरुषांनी दहा वर्षांत शस्त्रक्रिया करून घेतलीच. स्त्रियांना ही सवलत नाही. त्यांच्यात मांडीच्या मुळाशी उतरणारा अंतर्गळ अधिक आढळतो व त्यात आतडे अडकण्याचा धोका मोठा असतो. फुगवटा एकाएकी कठीण झाला, दुखू लागला, आत जाईना आणि उलट्या सुरू झाल्या, तर पर्यायांची चर्चा तेथेच संपते. चोळण्यात वा दाबण्यात वेळ न दवडता त्याच घटकेला रुग्णालय गाठावे लागते.