मेलेली डिस्क, उरलेली बेरीज

सर्व्हरमधल्या चार डिस्कपैकी एक बंद पडते, तिच्यापुढचा दिवा लाल होतो, तरी ऑफिसातल्या फायली उघडतच राहतात. यात जादू नाही, हिशेब आहे. समजा, तीन डिस्कवर ७, ४ आणि ९ लिहिलंय आणि चौथीवर त्यांची बेरीज, २०. दुसरी गेली? २० मधून ७ आणि ९ वजा करा, ४ परत हातात. प्रत्यक्षात बेरजेऐवजी ० आणि १ यांच्यावरची 'एक्सॉर' ही क्रिया असते, आणि हा हिशेब, म्हणजे पॅरिटी, चारही डिस्कवर आळीपाळीने ठेवतात. हीच 'रेड ५' पद्धत. रेड हे नाव बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांच्या १९८८ च्या निबंधातलं.

नवी डिस्क खाचेत सरकवली की रीबिल्ड सुरू. उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायच्या, हरवलेला आकडा काढायचा, नवीवर लिहायचा. ८ टेराबाइटची डिस्क सेकंदाला २०० मेगाबाइट वेगाने भरली तरी ११ तास जातात. वर लोकांची कामं चालू असतील तर बरेच जास्त. खरा धोका याच वेळात. बाकीच्या डिस्क बहुधा एकदमच घेतलेल्या, सारख्याच झिजलेल्या. त्यातली आणखी एक गेली की हिशेबच जुळत नाही. म्हणून मोठ्या डिस्कना दुहेरी पॅरिटीची 'रेड ६' मला बरी वाटते.

घाईत शेजारची धडधाकट डिस्क उपटणारेही असतात (हसू नका, रात्री दोन वाजता कुणाचंही होतं). आधी सिरियल नंबर ताडून पाहायचा, मगच हात लावायचा.